हिच्या तोंडाची झडती

चोर कसा ओळखायचा ते मला विचारा. कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत उभी हयात गेली माझी. बाहेर पडणाऱ्याची चाल बघून सांगायचो, याच्या डब्यात तांब्याची तार आहे. रिटायर झालो, पण नजर काही रिटायर झाली नाही.

त्यात हिची शुगर वाढली. डॉक्टर रिपोर्ट बघून मला म्हणाले, "गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, मग उतरत का नाही? चोरून गोड खात असतील. जरा लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा म्हणे. आणि सांगताय कुणाला!

त्याच दिवशी साखरेचा डबा कपाटात गेला आणि किल्ली माझ्या खिशात. तरी शुगर वरच. मग मला एकेक दिसायला लागलं. मी स्वयंपाकघरात शिरलो की ही तोंडावर हात धरायची. बोलताना मान फिरवायची. जेवताना अर्धं ताट तसंच. म्हणे भूक नाही. नसणारच, बाहेरून भरून आल्यावर कशी असेल?

मी उशा उचकल्या, शिवणमशीनचा खण उपसला, तिची पर्ससुद्धा पालथी घातली. ती नुसती बघत उभी राहिली. डोळे भरले होते तिचे. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

शेवटी एका दुपारी बेसिनपाशी रंगेहाथ धरली. गाल चांगलाच फुगलेला.

"उघड तोंड."

"अहो, काही नाहीये."

"गेटवर सगळे हेच म्हणायचे. उघड."

तिनं उघडलं. आत एक लवंग होती. लवंगेच्या आजूबाजूची हिरडी सुजून लालभडक झालेली, रक्त येत होतं, दात हलत होता.

"अगं, कधीपासून हे?"

"झाले बरेच महिने."

"मग सांगायचं नाही?"

"तोंडाला वास येतो हो. लाज वाटायची. आणि तुम्ही विचारलंत कुठे? नुसते तपासत होतात."

उभ्या नोकरीत असं चुकीचं माणूस धरलं नव्हतं. तिला तसंच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"शुगर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात," बाई म्हणाल्या, "आणि हिरड्यांना संसर्ग झाला की शुगरही लवकर आटोक्यात येत नाही. एकीचं दुखणं दुसरी वाढवते. हिरड्या साफ करू, पण शुगरच्या गोळ्याही सोडायच्या नाहीत. दात वाचतो का, ते आत्ता सांगता येणार नाही."

उपचार चालले तेवढे आठवडे मी कशावरही लक्ष ठेवलं नाही. रोज फक्त विचारायचो, "दुखतंय का गं?"

हळूहळू सूज उतरली. पुढच्या रिपोर्टात शुगरही थोडी खाली आली. शेवटच्या तपासणीला बाईंनी दात हलवून बघितला. घट्ट होता.

"वाचला. अजून उशीर झाला असता तर गेलाच होता," त्या म्हणाल्या. "वेळेत कुणाच्या लक्षात आलं?"

मी जरा छाती पुढे काढली.

हिनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "ह्यांच्याच. चोर म्हणून धरलं होतं मला."

मी बाहेर जाऊन दोघांच्या चपला शोधायला लागलो.