निळा झेंडा, दोन डंबेल आणि उडदाचे पापड

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा यंदाही मीच धरणार, असं मी विहाराच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं. अल्लीपुरात वीस वर्षं तो मीच धरत आलोय. पण गेल्या वर्षी चौकात हात जरासा थरथरला होता.

"जरासा?" कमिटीचे अध्यक्ष वासुदेवराव म्हणाले. "तानबाजी, झेंडा भूकंपात सापडल्यावानी हालून राह्यलता. यंदा परीक्षा घेऊ. शंभर मोजेपर्यंत एका हातानं धरा, नाईतर दुसऱ्याले द्या."

माझी नात नंदिनी पोलीस भरतीची तयारी करते. तिनं पाच-पाच किलोचे दोन डंबेल माझ्यापुढे ठेवले आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. "आबाजी, रोज सकाळी तीस वेळा. महिन्यात दंडावर सदरा उसवन तुमचा."

मी साठाव्या वर्षी वाचायला शिकलो. लिहिलेलं काही दिसलं की आधी ते मोठ्यानं, दोनदा वाचतो. वेळापत्रक वाचून होईपर्यंत चहा यायचा. चहा होईपर्यंत ऊन चढायचं. आणि उन्हात व्यायाम करू नये, हेही त्यातच लिहिलं होतं.

आठव्या दिवशी डंबेल गायब! पाहतो तर बायको पंचफुला अंगणात बसून डंबेलनं पापडाचं पीठ कुटत होती.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"मुसळाले तडा गेला. हे बरं हाय, मधात धराले जागा हाय."

पीठ लोण्यासारखं मऊ झालं. दुपारी शेजारची सुलोचना दुसरा डंबेल घेऊन गेली. मग गल्लीत रांगच लागली. लग्नातल्या कढईसारखे डंबेल घरोघर फिरू लागले. डंबेल आमचे, म्हणून प्रत्येक घरी कुटायला पंचफुला पुढे. मी ते परत मागायला जायचो, तर बाया म्हणायच्या, "बसा जी, लाट्या खाऊन पाहा." मी बसायचो. कच्च्या पिठाच्या त्या लाट्या, वर तेल! महिन्याभरात सदरा उसवला खरा, पण पोटावर.

परीक्षेच्या दिवशी मी झेंडा उचलला. वासुदेवराव मोजू लागले. तिसाला कोपर हललं, चाळिसाला गुडघे. सत्तावन्नाला झेंडा असा झुकला की आता जमिनीला टेकणार, तोच पंचफुलेनं पुढे होऊन तो एका हातानं धरला. दुसऱ्या हातात फोन होता.

"अवं सुलोचना, तिखट कमी टाकजो. मी आली का कुटून देतो."

शंभर झाले. दीडशे झाले. झेंडा जणू सिमेंटात रोवला होता.

"पंचफुलाबाई, ठेवा आता," वासुदेवराव म्हणाले.

"थांबा जी, बोलून राह्यली मी."

यंदा मिरवणुकीत झेंडा पंचफुलेच्या हाती होता. मी तिच्या मागून चाललो, लोकांना वाटायच्या पापडांचा डबा घेऊन. असेल दोनेक किलोचा. चौकात पोचलो तेव्हा मागून वासुदेवरावांचा आवाज आला.

"तानबाजी, डबा हालून राह्यला."