कोल हॅरिगनचं सामान

सोमवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, नोएडा सेक्टर ६३ मधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, टोलेडोच्या संघाने आपला क्वार्टरबॅक कोल हॅरिगन ओमाहाच्या संघाला देऊन टाकला. टोलेडोच्या संघाला हे ठाऊक नव्हतं. तिकडे तेव्हा सकाळ होती आणि हॅरिगन मुलीचा शाळेचा डबा भरत होता. हे मला पुढे त्याच्या बायकोकडून कळलं.

बातमी माझी होती. आमच्या वेबसाइटचे वाचक अमेरिकेत आहेत, जाहिराती अमेरिकेतल्या आहेत, फक्त पगार नोएडाचा आहे. अमेरिकी फुटबॉलचा एक सामना मी पूर्ण पाहिलेला आहे. त्यात चेंडूला पाय दोन-चारदाच लागला. तरी याला फुटबॉल का म्हणतात, हे मी डेस्कवर कधी विचारलं नाही. पुण्याहून इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस प्रश्न विचारतो, नंतर बातम्या देतो.

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा माणूस. संघ जिंकला तर त्याच्यामुळे, हरला तरी त्याच्यामुळेच. मोसम फेब्रुवारीत संपतो. एप्रिलअखेर कॉलेजातल्या मुलांची संघांमध्ये वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. सगळ्यांत वाईट खेळलेल्या संघाला सगळ्यांत आधी मुलगा निवडता येतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. मधल्या काळात जुन्या क्वार्टरबॅकांची देवघेव चालते. तेव्हा खेळ नसतो, त्यामुळे बातम्या जास्त असतात.

माझा करार एप्रिलअखेर संपत होता. डेस्कप्रमुख खुराना सरांनी नूतनीकरणाची अट स्पष्ट सांगितली होती. "विनय, ड्राफ्ट तक एक एक्सक्लुसिव्ह चाहिए. और वो सच निकलना चाहिए. बस."

"सर, खरं निघणं आपल्या हातात नसतं."

"यार, तो फिर हाथ में क्या है?"

शेजारच्या खुर्चीवरच्या जयदीपने माझ्यावर दया केली. "हॅरिगनला घाल. चौतीस वर्षांचा आहे, गुडघा दुखतो. ओमाहाला दे, त्यांच्याकडे सध्या कोणी नाही." तेव्हा 'लीगच्या वर्तुळात चर्चा आहे' असं मी लिहिलं. वर्तुळ म्हणजे जयदीप. चर्चा झाली होती, त्यामुळे वाक्यात चूक नव्हती.

रात्रीपर्यंत तीन वेबसाइटींनी आमचा हवाला देऊन ती बातमी दिली. मंगळवारी आम्ही त्या तिन्हींचा हवाला देऊन पुन्हा दिली. आता सूत्रं चार झाली होती. बुधवारी टोलेडोच्या प्रशिक्षकाला कोणीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कोल आमचाच आहे. त्याच्यावर आमचं प्रेम आहे." प्रेम जाहीर झालं की माणूस गेला, हा आमच्या धंद्यातला पक्का नियम आहे.

इथे सहाव्या मजल्याची माहिती देणं आवश्यक आहे. सहाव्या मजल्यावर एक कंपनी अमेरिकी संघांना सल्ला देते. कोणता खेळाडू ठेवावा, कोणता द्यावा, हे ती आकड्यांवरून सांगते. त्यातल्या एका आकड्याचं नाव 'बाजारकल'. खेळाडूच्या जाण्याची चर्चा किती ठिकाणी छापून आली, यावरून तो काढतात. टोलेडोचा बाजारकल शालिनी काढते. शालिनी माझी बायको आहे.

ओमाहाचा बाजारकल क्षिप्रा काढते. माहिती इकडून तिकडे जाऊ नये म्हणून दोघींच्या टेबलांमध्ये काच बसवली आहे. डबा त्या एकत्र खातात.

मी आणि शालिनी एकाच गाडीने ऑफिसला जातो आणि एकाच लिफ्टमध्ये चढतो. दोघांनीही गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्या असल्याने घरी कामाविषयी बोलत नाही.

"आज काय लिहिलंस?" बुधवारी जेवताना तिने विचारलं.

"सांगता येत नाही."

"वाचलं मी."

"मग? आकडा वर गेला?"

"सांगता येत नाही." तिने वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "पण तू उद्या लिहिणार असशील, तर सकाळच्या मीटिंगआधी लिही."

आमची मुलगी सुखदा म्हणाली, "तुम लोग ना, बिल्कुल वेडे आहात." ती चौथीत आहे. तिचं बरंचसं मराठी दिल्लीत सांडलं, हा शब्द मात्र टिकला.

गुरुवारी संध्याकाळी डेस्कचा फोन वाजला. तो फोन वाजतो, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना नव्याने कळलं. पलीकडे बाई होत्या. त्यांनी नाव सांगितलं: मेगन हॅरिगन.

"ओमाहाची बातमी तुम्हीच दिलीत ना?"

"हो, मॅडम."

"सोमवारी सकाळी कोल मुलीचा डबा भरत होता, तेव्हा ती आली. संघातलं कोणी आम्हाला काही सांगत नाही. कोलला विचारलं की तो म्हणतो, त्यांचं माझ्यावर प्रेम आहे. तुम्हालाच नक्की माहीत दिसतंय, म्हणून विचारते. मुलीच्या शाळेत पुढच्या वर्षाची जागा ठेवायची की सोडायची, ते उद्या कळवायचं आहे. फक्त एवढं सांगा, सामान बांधू का?"

मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे. वाचकाने एवढ्या विश्वासाने मला कधीच काही विचारलं नव्हतं. सांगायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती शेजारच्या खुर्चीवर बसून वडापाव खात होती.

"मॅडम, आम्ही सूत्रांबाबत बोलत नाही," मी म्हणालो.

"समजलं," त्या म्हणाल्या. "थँक यू." आभार कशाचे, ते मला कळलं नाही.

"किसका फोन था?" खुराना सरांनी विचारलं.

"हॅरिगनच्या बायकोचा. सामान बांधू का, विचारत होती."

खुराना सर खुर्चीतून उठले. मी त्यांना ऑफिसच्या वेळेत उभं राहिलेलं प्रथमच पाहत होतो. "और तू बैठा क्या है? लिख!"

मी लिहिलं. 'हॅरिगन कुटुंबाची आवराआवर सुरू?' प्रश्नचिन्ह सरांनी स्वतः घातलं. आमच्याकडे वेगळा कायदा विभाग नाही, प्रश्नचिन्ह आहे.

घरी परतताना गाडीत शालिनीने मोबाइलवर ती बातमी वाचली, सामान बांधण्याच्या प्रश्नासकट. तिचं लहानपण दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी क्वार्टरांमध्ये गेलं. वडिलांची बदली दर तीन वर्षांनी.

"हॅरिगनच्या बायकोने खरंच विचारलं तसं?"

"सूत्रांची नावं..."

"सूत्र गेलं खड्ड्यात. बाई कशी होती, ते विचारतेय."

"शांत होती. थँक यू म्हणाली."

"आई पण अशीच विचारायची, शेजारच्या बाईंना. बाबांच्या बदलीच्या ऑर्डरची बातमी त्यांच्याकडे आधी पोचायची. आमच्या फ्रिजचा खोका कधी टाकलाच नाही आईने." सिग्नल हिरवा झाला, तरी मी थांबून होतो. मागचे हॉर्न वाजवू लागले. "कुटुंबाकडून आलेल्या माहितीला आमच्याकडे सगळ्यांत जास्त वजन असतं, विनय."

"मग धरू नकोस ना तो आकडा."

"धरायचा की नाही, ते मी ठरवत नाही. मी फक्त नीट धरते. तू लिहू नकोस ना."

"मी तरी कुठे ठरवतो?"

शुक्रवारी सकाळच्या मीटिंगमध्ये टोलेडोला सल्ला गेला: हॅरिगनला द्या. काचेपलीकडून ओमाहालाही सल्ला गेला: हॅरिगनला घ्या, टोलेडो त्याला सोडतंय. दोन्ही सल्ल्यांना माझ्याच बातम्यांचा आधार होता, त्यामुळे त्यांत विसंगती नव्हती. शनिवारी देवघेव जाहीर झाली. बातमी देणारे आम्ही जगात पहिले होतो, कारण आम्ही ती पाच दिवस आधी दिली होती.

ऑफिसात हेल्मेटच्या आकाराचा केक कापला. माझा करार वर्षभराने वाढला. वरिष्ठ उपसंपादक झालो. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये टोलेडोने बावीस वर्षांचा एक मुलगा घेतला; त्याला पहिल्या मोसमानंतर कुठे पाठवायचं, यावर जयदीपने त्याच दुपारी चर्चा केली. मेगन हॅरिगन पुन्हा फोन करतील, असं मला उगाच काही दिवस वाटत राहिलं.

परवा माध्यमांतल्या कुचाळक्या देणाऱ्या एका वेबसाइटवर चार ओळी आल्या. 'नोएडातला एक क्रीडा डेस्क भुवनेश्वरला हलणार? वर्तुळात चर्चा.' आम्ही हसलो. त्यावर जयदीप सगळ्यांत जास्त हसला. काल मनुष्यबळ विभागाची मेल आली: 'नोएडा डेस्क आमचं कुटुंब आहे. त्याच्यावर आमचं प्रेम आहे.'

मग कोणी हसलं नाही.

सुखदाच्या शाळेला पुढच्या सत्राचं उद्या कळवायचं आहे. शालिनीला मी विचारलं, "सहाव्या मजल्याला नवीन गिऱ्हाईक मिळालंय का? आमची कंपनी?" ती म्हणाली, "सांगता येत नाही," आणि स्टुलावर चढून माळ्यावर जपून ठेवलेला आमच्या फ्रिजचा खोका शोधू लागली.

आज संध्याकाळी मी त्या वेबसाइटला फोन केला. एका मुलीने उचलला. आवाज सभ्य होता.

"बातमी कोणी दिली, ते विचारत नाही," मी म्हणालो. "फक्त एवढं सांगा, सामान बांधू का?"

"सर, आम्ही सूत्रांबाबत बोलत नाही."

"समजलं. थँक यू," मी म्हणालो. फोन ठेवण्याआधी पलीकडे कीबोर्ड वाजू लागल्याचं ऐकू आलं.

अर्ध्या तासात बातमी आली: 'वरिष्ठ उपसंपादकाच्या घरी आवराआवर सुरू?' प्रश्नचिन्ह होतं.

हे लिहीपर्यंत खोका खाली आलेला आहे, चिकटपट्टी लावलेली नाही. आमच्या डेस्कचा बाजारकल सहाव्या मजल्यावर सकाळच्या मीटिंगमध्ये निघेल. तो काढताना ही चर्चा कुठे कुठे छापून आली आणि किती जणांनी शेवटपर्यंत वाचली, हेही धरतात. तुम्ही वाचलीत.