वरचं क्वार्टर

राजधानीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी शांतवनभाऊजी राहायचे. रोज सकाळी ऑफिसला निघताना ते दारात बूट चढवून उभे राहायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "सुवार्ता, वरचं क्वार्टर अलॉट झालंय! पक्कं!"

आतून बायकोचा आवाज यायचा, "ऐकलं."

मगच ते वाकून लेस बांधायचे. बस चुकली तरी चालेल, पण "ऐकलं" आल्याशिवाय लेसला हात नाही.

वरचं म्हणजे स्वर्गातलं. भाऊजी आपल्या नगर जिल्ह्याकडचे ख्रिस्ती, नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे तारणाची, म्हणजे मोक्षाची, भाषाही ऑफिसातलीच. शेवटच्या न्यायाच्या दिवसाची त्यांना जराही धास्ती नव्हती. "माझ्या जागी येशूनं जाब दिलाय, वहिनी. माझी फाइल बंद!"

मी तेव्हा पुण्याहून नुकती आलेली नवी नवरी. काय तो माझा तोरा! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एक उपास सोडत नव्हते. खिचडी इतकी हाणायचे की उपासानं वजन वाढायचं, तरी आपण मोठे पुण्यवान अशी खात्री. आणि हा माणूस एकही उपास न करता स्वर्ग पक्का करून बसलेला! तोही रोज ओरडून सांगणार! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा थंडीत बाहेर उन्हात मटार सोलताना मी त्यांना गाठलंच.

"म्हणजे भाऊजी, आता तुम्ही काहीही करायला मोकळे?"

"वहिनी, क्वार्टर मिळालं म्हणून कोणी त्याच्या भिंतीवर थुंकतं का?" ते म्हणाले. मग जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांकडे बघून हळूच, "बरं, इथलं सोडा."

त्याच थंडीत त्यांचा घसा बसला. एका सकाळी आरोळी आलीच नाही. "चला, सुटलो एकदाचे," मी आमच्या ह्यांना म्हणाले, तोच कडी वाजली. दारात भाऊजी. गळ्याला मफलर, पायात बूट, लेस सुटलेली.

"वहिनी, एक काम होतं," ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले. "माझं ते वाक्य... जरा ओरडून सांगाल?"

"इश्श! मी? अहो, आत जाऊन कानात सांगा की त्यांच्या."

"सांगितलं. म्हणते, आज तुमचा आवाज गेला, म्हणजे देवालाच सांगायचं नसेल. स्टोव्हसुद्धा पेटवला नाही, तशीच बसून आहे."

मला काही कळेना. त्यांनी बुटांकडे बघत सांगितलं. त्यांचं पहिलं बाळ तापात गेलं होतं. उशाशी बसून बसून सुवार्ताचा डोळा लागला, आणि तेवढ्यात ते गेलं. "तिला वाटतं, वर गेल्यावर देव पहिलं हेच विचारणार, की तू झोपलीस का? मी म्हणतो, अगं, कोणी काही विचारणार नाही, क्षमा झालीय. चर्चमध्ये मान डोलावते, सकाळी उठली की पुन्हा घाबरते. म्हणून रोज सांगतो. माझं मला पाठ आहे, वहिनी."

मी पदर खोचला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा आवाज चिरकला. मग भाजीवाल्याशी भांडायचा ठेवणीतला आवाज काढला, "सुवार्तावहिनी! वरचं क्वार्टर अलॉट झालंय! पक्कं!"

वरच्या मजल्यावरून पंजाबी शेजारीण डोकावली. "मुबारक हो जी! किस टाइप का मिला?"

आतून काहीच नाही. भाऊजी माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. नको तिथे तोंड घातलं असं मला वाटायला लागलं. आणि मग आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

"ऐकलं," सुवार्तावहिनी म्हणाल्या. "चहा टाकते. वहिनींनाही थांबायला सांगा."

भाऊजी लेस बांधायला खाली वाकले. गाठ काही लवकर बसेना.