बिनमातीची वेल

साळवेमावशींच्या बाल्कनीतल्या वेलीला माती लागत नाही. कुंडी नाही, मुळं असलीच तर नावापुरती. चंदेरी पानांची टोकं गजांना गुंडाळत ती वर चढते आणि हवेवर जगते. गाझियाबादच्या हवेवर! आम्ही मास्क लावून फिरतो आणि ही बया त्याच हवेवर पोसली जाते.

मावशी आमच्या शेजारी, एकट्याच राहतात. मूळच्या नगरच्या. केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षं स्टेनो होत्या, निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी ही वेल भेट दिली. त्यांना काहीही सांगा, उत्तर एकच: "लेखी द्या!" भाजीवाल्याने भेंडी कोवळी म्हटली तरी, "लिखके दो!"

उन्हाळ्यात लूच्या गरम झळा सुटल्या की वेलीभोवती ओल्या चादरी आणि कूलरचं तोंड बाल्कनीकडे. मावशी आत पुठ्ठ्याने वारा घेत बसतात.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी आले. "मैडम, ये बेल हटानी पड़ेगी। मच्छर होंगे।"

"लिखके दीजिए!"

बिचाऱ्याने नोटीस दिली. दोन दिवसांनी ती लाल पेन्सिलीचा शेरा घेऊन परत गेली: 'मिट्टी नहीं, पानी जमा नहीं। मच्छर अंडे कहाँ देगा, स्पष्ट करें।' दुसऱ्या नोटिशीचंही तेच झालं. तिसऱ्यांदा ते नुसतेच आले, "फूल कब आएगा, मैडम?" एवढं विचारून गेले.

मग एका पानाने मधली जाळी ओलांडून आमच्या बाल्कनीचा गज धरला. तेव्हापासून रोज सकाळी सातला दाराची बेल. "तुमच्या बाजूची फवारणी राहिलीय." फवारणी दोन मिनिटं, चहा तासभर. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. मी वैतागायचे, खोटं कशाला सांगू?

आणि माझी बदली झाली. नागपूर.

"ऑर्डर दाखवा," मावशी म्हणाल्या. लाल पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. एकही चूक सापडली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी त्या आमच्या गजाला धरलेलं पान सोडवत बसल्या. मोडू नये म्हणून हळूहळू, अख्खी दुपार. मी म्हटलं, "राहू द्या ना, मावशी. नवे लोक येतीलच."

"येतील. पण सातला दार उघडतील?"

मी उठून चहा टाकला.

जाताना त्यांनी वेलीचं एक पिल्लू दिलं, कचेरीतल्या जुन्या लाकडी फूटपट्टीला बांधून. "रोज पाणी फवारायचं. धरायला काहीतरी जवळ ठेवायचं."

"हो. आणि मावशी, नाताळला आम्ही येऊ."

"लेखी द्या." या वेळी आवाज अगदीच बारीक होता.

मी कागदावर लिहिलं, 'नाताळला येऊ', खाली सही केली. मावशींनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. मग लाल पेन्सिलीने सुरुवातीला एक शब्द घातला: 'दर'.