तोंड उगवतीकडे

बूट कधीही पायात न घालता ते रोज पॉलिश करणारा माणूस आमच्या मलकापुरात एकच, याकोबमामा साळवे. पायात कायम रबरी चप्पल, आणि काळे बूट खाटेच्या पायथ्याशी, टोकं उगवतीकडे करून ठेवलेले. मामा झोपतातही तसेच, डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, मेलेल्यांनाही उठवणार, हाक मारणार, मामा उठून बसले की तोंड थेट त्याच्याकडे. मग बुटांत पाय घालायचे आणि चालू लागायचं. "ऐन येळंला बूट हुडकत बसायचं का, ताई?" असं ते मला विचारतात. मी पडले गिरणीवाली बाई. मला दळणातलं तेवढं कळतं.

माझी गिरणी आणि मामांची खोली यांत एकच भिंत. मामा पाचगणीला एका शाळेच्या वसतिगृहात आचारी होते. जन्म पातेल्यांत गेल्यामुळे देवाचं राज्यही त्यांना स्वयंपाकघरातच दिसतं. "राज्य चुलीवर चढलंय ताई, ताटात पडायचं हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नळाला वेळेवर पाणी आलं की मामा नाक वर करून म्हणणार, "वास आला बगा." समोरचे दोघे भाऊ गटारीवरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते. धाकट्याला ताप चढला तेव्हा थोरल्याने त्याला मोटारसायकलवर मागे बांधून दवाखान्यात नेलं. मामा माझ्या दारात हजर. "लय जोराचा वास आला." आणि वीज गेली, कचऱ्याची गाडी आली नाही, कुणी कुणाचं डोकं फोडलं, की "शिजतंय अजून."

मला याचा संताप यायचा. माझा नवरा गेला त्या दिवशीही हा माणूस उंबऱ्यात उभा राहून "शिजतंय अजून, ताई," म्हणाला. मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं. संध्याकाळी दार उघडलं तर पायरीवर खिचडीचा डबा होता. तेराव्यापर्यंत रोज होता. पण मामा स्वतः एकदाही आत आले नाहीत.

दर रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर मामा पाळकसाहेबांना एकच प्रश्न विचारतात, ही गोष्ट सगळ्या मंडळीला पाठ. मला कळली ती पाळकसाहेब दळण न्यायला आले तेव्हा. मामांनी त्यांना गिरणीतच गाठलं.

"साहेब, एखाद्याला उलटं पुरलं आसंल तर उठताना त्याचं तोंड कुनीकडं?"

"मामा, किती वेळा सांगू? पाय पूर्वेला ही आपली रीत. प्रभूला सगळ्या दिशा सारख्याच."

"त्याला सारख्या आसत्याल. उठनाऱ्याला?"

पाळकसाहेब गरम पिठाचा डबा उचलून गेले. मला हसू आवरेना. मामा मात्र पोत्यावर बसून राहिले, आणि मग त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको एस्तेर सांगलीकडच्या एका नदीकाठच्या गावात नर्स होती. हे पाचगणीला, ती तिकडे. जन्मभर सुट्टीपुरता संसार. दोघं रिटायर झाल्यावर एकत्र राहायचं म्हणून आधीच मलकापूरची खोली घेतली, आणि त्याच पावसाळ्यात पूर आला. पुरात ड्युटीवर असतानाच एस्तेरबाई छातीत कळ येऊन गेल्या. रस्ते बंद. ना मामा पोचले, ना पाळकसाहेब. गावात दुसरं ख्रिस्ती घर नाही. बाईंना पुरायचं असतं एवढंच लोकांना ठाऊक. त्यांनी वरच्या माळावर खड्डा काढला आणि शुभ दिशा म्हणून डोकं ठेवलं उगवतीला.

"म्हंजी सगळी उठून प्रभूकडं बगनार आनि ही एकटीच पाठमोरी," मामा म्हणाले. "घाबरंल वो ती. लय लाजरी हाय."

मला वाटलं होतं तेवढं हे हसण्यासारखं नव्हतं. येत्या ईस्टरला गावात जाऊन, लोकांच्या हातापाया पडून, कबर उकरून तिला फिरवून घ्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. परवानगी मागायला आपलं तोंड उघडणार नाही म्हणून मला बरोबर चला म्हणाले. मी गिरणी बंद ठेवून गेले.

माळावर ऊन रणरणत होतं. कबर पांढरीफेक, नुकता चुना दिलेला. वर झेंडूची माळ, उदबत्तीची राख, बाजूला कडुलिंबाचं रोप. गावातले एक म्हातारे तात्या आम्हाला पाहून काठी टेकत आले.

"आमाला तुमची रीत ठावं न्हवती, पाव्हनं," ते म्हणाले. "पर बाईनं सगळ्या गावाची बाळंतपनं केली. म्हनलं, चांगली दिशा तरी दिऊ. भर पावसात आमी समद्यांनी आळीपाळीनं खांदलं. चुकलं तर न्हाई न्हवं?"

मी बोलायला तोंड उघडलं. मामांनी हात वर करून मला थांबवलं.

"न्हाई आवं तात्या. लय ब्येस केलं."

मग ते कबरीजवळ बसले आणि चुन्यावरून हात फिरवत राहिले. मला म्हणाले, "वास आला बगा, ताई." उठताना त्यांनी तात्यांकडे फक्त शेजारची जागा मागितली. आपलंही डोकं उगवतीलाच ठेवायचं, हे दोनदा बजावलं.

एसटीत मला राहवेना. "मामा, मग तुमचीही पाठ होणार प्रभूकडे. त्यासाठी तर इतकी वर्षं बूट पुसले."

"त्यो समजून घील," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "हिला एकटीला पाठमोरी ठिवून मी त्याच्याकडं कसा बगू? आमी दोगं मिळून वळू."

घरी पोचेपर्यंत मी पदरात तोंड घालून रडले. मामांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहूनही तसं दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दळण द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत मामा स्टोव्ह पेटवत होते. खाट जिथल्या तिथे, पण उशी आता उगवतीला होती. पायथ्याशी बूट पॉलिश करून ठेवले होते, टोकं मावळतीकडे.

"ताई, आलात का?" आतून मामांनी विचारलं. मी बुटांना धक्का न लावता डबा आत ठेवला.