खरमासातला पाइप

नानांशी बोलत असताना गल्लीतून एखादी मोटरसायकल गेली, तर आपलं वाक्य आपण तिथेच सोडून द्यायचं. नाना एक बोट वर करतात, डोळे मिटतात आणि गाडी पार वळणाआड जाईपर्यंत तसेच राहतात. मग निकाल देतात, "सायलेन्सरला भोक आहे. मालकाला पता नाही." आपण काय सांगत होतो ते तोवर आपणही विसरलेलो असतो.

मी बँकेच्या बदलीने नागपूरहून बनारसला आले आणि मंगला गौरीच्या देवळाजवळ नानांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. नानांचे पूर्वज वेदपाठासाठी कोकणातून इथे आले. घरातले सगळे पुरुष पाठ म्हणत म्हातारे झाले. नाना एकटेच रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात लागले आणि नुसतं ऐकून इंजिनाचं दुखणं सांगत निवृत्त झाले. "आमच्याकडे सगळे म्हणणारे. ऐकणारा मी एकटा," असं ते म्हणतात, आणि यात चांगलीच घमेंड असते.

गंमत म्हणजे आमच्या गल्लीत चारचाकी शिरतच नाही. गाय आडवी उभी राहिली तर माणूसही शिरत नाही. नदीवर जावं, तर तिथेही नानांचं दुःख आहेच. "डिझेलच्या बोटी होत्या तेव्हा भोसले घाटावर डोळे मिटून मल्लाहाचं नाव सांगायचो. आता सीएनजी. सगळ्या सारख्याच कुजबुजतात." हवा स्वच्छ झाली म्हणून हळहळणारे काशीत ते एकटेच असावेत.

आवाजाच्या बाबतीत नाना भीडभाड ठेवत नाहीत. समोरच्या मिसिरजींनी नवी कार घेतली आणि मोठ्या हौसेने नानांना मैदागिनच्या रस्त्यावर ती दाखवायला नेलं. नानांनी त्यांचा पेढा तोंडात टाकला, गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि म्हणाले, "मिसिरजी, गाड़ी रो रही है." मिसिरजी होळीपर्यंत बोलले नाहीत.

नानांची एकुलती एक मुलगी मुक्ता. हे वेड तिने बापाकडूनच उचललेलं. लहानपणी दोघं ओट्यावर बसून आवाजावरून गाड्या ओळखायची. बारावीनंतर ती म्हणाली, मला इंजिनांचंच शिकायचंय. आणि आमचे हे नाना म्हणाले, "मुलींनी ग्रीसमध्ये हात घालायचे नाहीत." ती कॉम्प्युटर शिकली, अमेरिकेला गेली, आणि बापलेकीचं बोलणं आटलं. मुक्ताची आई, म्हणजे काकू, होत्या तोवर त्या मध्ये होत्या. त्या गेल्यावर सणावारी फोन यायचा. "बरे आहात ना?" "बरा आहे." संपलं. हे नानांनीच मला एकदा सांगितलं, जिन्यात, माझ्याकडे पाठ करून.

मग गेल्या पावसाळ्यात मुक्ताने एक जुनी, जोरात पळणारी, आठ सिलिंडरची गाडी घेतली आणि ती स्वतःच खोलून बसली. एका रविवारी सकाळी तिचा फोन आला, "बाबा, एक विचारायचं होतं."

अशा गाडीला इंजिनाच्या दोन बाजूंनी धुराच्या दोन नळ्या निघतात, आणि त्या मध्ये कुठेतरी एकमेकींना जोडायच्या असतात. त्यासाठी एक पाइप येतो. तो इंग्रजी एचसारखा घ्यायचा की एक्ससारखा, हा तिचा प्रश्न. मला काही कळेना, तेव्हा नानांनी गल्ल्यांवरून समजावलं. "एच म्हणजे दोन गल्ल्यांमधला बोळ. इकडे गर्दी झाली की चार माणसं तिकडे सरकतात. आवाज खोल, पोटातून. एक्स म्हणजे चौक. दोन्हीकडची माणसं मिसळतात नि पळत सुटतात. ताकद थोडी जास्त, पण आवाज चढा."

त्यानंतर दर रविवारी फोन. मुक्ता ओळखीच्यांच्या एच नि एक्स बसवलेल्या गाड्यांचे आवाज ऐकवायची. नाना फोन रिकाम्या पितळी पातेल्यात ठेवून त्यावर कान लावायचे. आणि निर्णय? तो नाही. "आवाज अजून पकला नाही," म्हणायचे. थंड इंजिनाचा ऐकव. आता गरम इंजिनाचा. गॅरेजमधला नको, उघड्यावरचा. पुढे पितृपक्ष लागला, नवी वस्तू ठरवायची नाही. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा दुसऱ्यांवर सोडला होता, तो आता पंचांग उघडून बसायचा. डिसेंबरात म्हणाले, "आता खरमास लागला. संक्रांतीपर्यंत नवं काही ठरवायचं नाही."

"बाबा, पाइपला कसला आलाय खरमास?" मुक्ता हसत सुटली. नानाही हसले. वरच्या मजल्यावर मला ऐकू आलं.

संक्रांत झाली, त्यानंतरच्या रविवारी मी तिळगूळ घेऊन खाली गेले. फोन पातेल्यात होता.

"बाबा, खरमास संपला ना? ऐका."

इंजिन सुरू झालं. चढा, धारदार आवाज पातेल्यात घुमला. नानांचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं.

"एक्स बसवला," मुक्ता म्हणाली. "तुमचं काही ठरेना. म्हटलं, दर रविवारी तुम्हाला किती त्रास द्यायचा?"

नानांनी बोट खाली घेतलं. "छान आहे."

"खरं सांगताय?"

"छान आहे गं. तू स्वतः बसवलास?"

"स्वतः."

"हात नाही ना पोळले?"

"नाही हो बाबा."

फोन संपला. मी विचारलं, "खरंच छान होता?"

"एच पाहिजे होता. मला पहिल्याच रविवारी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या रविवारी तिने फोन कशाला केला असता?" नाना पातेलं पुसत राहिले. "त्या ग्रीसच्या बोलण्याची माफी मागायची होती गं. वाटलं, हे चालू राहिलं तर कधीतरी मधेच म्हणून टाकू."

"मग तुम्हीच लावा की फोन."

"आणि काय विचारू?"

मला फार वाईट वाटलं. अख्ख्या गल्लीला तोंडावर सुनावणारा हा माणूस पोटच्या मुलीला एक वाक्य बोलू शकत नव्हता.

पुढच्या रविवारी मी चहा ठेवत होते. जिन्यातून नानांची हाक आली, "अगं, माझ्या फोनला जरा रिंग दे. बिघडलाय वाटतं."

मी दिली. खाली फोन खणखणीत वाजला. नाना तो वाजू देत राहिले.

"बंद कर आता," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "फोन ठीक आहे."