कोंढाळकर भाऊसाहेबांचा खिळा

सर्व संबंधितांस, आणि भोरात असंबंधित असा कुणी नसतोच म्हणून सर्वांसच, कळवण्यात येते की आमच्या शाळेचे क्लार्क कोंढाळकर भाऊसाहेब यांनी नसरापूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून एक खिळा विकत घेतला आहे. उभे असाल तर कृपया बसून घ्या.

खिळ्याच्या जोडीनं त्यांनी एक घरही घेतलं, पण ते मागाहून सांगतो.

एका खिळ्याचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. कारण तुम्ही भाऊसाहेबांच्या बिऱ्हाडी कधी गेला नाहीत. लग्नापासूनची सगळी वर्षं त्यांनी भोरात भाड्याच्या खोल्यांत काढली आणि आमच्या बघण्यात कुठल्याही भिंतीला खिळा मारला नाही. त्यांच्याकडे कॅलेंडर खुर्चीत बसायचं. पाहुणा आला की कॅलेंडरला उठावं लागायचं. घड्याळ कपाटावर उताणं निजलेलं. वेळ बघायची तर स्टुलावर चढून विहिरीत डोकावल्यासारखं बघायचं. त्यामुळे "बरंय, उशीर झाला, निघतो," असं त्या घरात कुणी सहसा म्हणत नसे.

"काय करणार सर, भिंत दुसऱ्याची आहे," भाऊसाहेब म्हणायचे.

हे वाक्य त्यांनी पुढे आयुष्यालाच लावून टाकलं. स्टाफ मीटिंगमध्ये दोन शिक्षक हमरीतुमरीवर आले की भाऊसाहेब मागून हळूच म्हणणार, "जाऊ द्या सर, भिंत दुसऱ्याची आहे." शाळेच्या नोटीसबोर्डाला टाचणी टोचायचीही त्यांना चोरी. नोटीस आली की ते स्वतःच बोर्ड होत. कागद दोन्ही हातांनी छातीशी धरायचे, उजेडाकडे जरा कलता करायचे आणि विचारायचे, "दिसतंय का? जरा वाकडं करू?" आपण वाचून मान हलवेपर्यंत तसूभर हलायचे नाहीत. नव्यानं आलेल्या बाईंना पहिल्या दिवशी वाटलं, या माणसाला कुणीतरी शिक्षा केली आहे.

आणि ते रोज उशिरा यायचे. फार नाही, प्रार्थना संपता संपता. हेडमास्तरांनी कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "सकाळी घरी एक उभं राहायचं काम असतं, सर."

या उभं राहायच्या कामावर स्टाफरूममध्ये पुष्कळ चहा खर्ची पडला. कुणी म्हणे नळावर पाण्याला उभे राहत असतील, कुणी म्हणे वहिनी अंगठे धरून उभं करत असतील. मी एका पायावरच्या तपश्चर्येची शक्यता मांडली होती. भाऊसाहेब ऐकून नुसते हसले.

तर असे हे भाऊसाहेब गेल्या दिवाळीनंतर एकदा माझ्या टेबलाशी आले आणि कुजबुजले, "सर, विंझरला एक घर बघितलंय. फार स्वस्त आहे."

"किती स्वस्त?"

"इतकं, की मला संशय आला."

घर बघायला मीही गेलो. संशय घ्यायला जागा होती. मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर कौलं, आणि एक भिंत शेजाऱ्यांचं बोलणं ऐकायला झुकावं तशी बाहेर झुकलेली. शिवाय अंगणातून शेजारच्या हौसाबाईंच्या म्हशीची वहिवाट. घर विकणाऱ्यानं प्रामाणिकपणे आधीच सांगितलं, "घर तुमचं, अंगण तुमचं. पण म्हस हितनंच जानार. तिच्या आईपासनं जातीया."

भाऊसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आतल्या खोलीतल्या भिंतीवरून हात फिरवत होते. "रिटायर व्हायच्या आत एक तरी भिंत आपली पाहिजे, सर," ते म्हणाले. "एक खिळा मारायचा राहिलाय."

बँकेत गृहकर्ज मागितलं तर साहेबांनी घराचा मंजूर नकाशा मागितला. आता त्या घराचा नकाशा ज्यांच्या डोक्यात होता ते घर विकणाऱ्याचे आजोबा कधीच वारले होते. मग भाऊसाहेबांनी पगारावर पर्सनल लोन काढायचं ठरवलं. मी शहाणपणा सांगितला, "भाऊसाहेब, व्याज जास्त पडेल."

"पडू द्या. होम लोन मागितलं की बँक घराची चौकशी करते, पर्सनलला फक्त माझी. माझे पोपडे त्या घराइतके निघालेले नाहीत."

कर्जाच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "काका, कशासाठी पाहिजे? लग्न, आजारपण की प्रवास?"

भाऊसाहेबांनी विचार केला. "तिन्ही लिहा. लग्न केलं म्हणून घर लागतं. घर नव्हतं म्हणून या खोलीतून त्या खोलीत प्रवास झाला. आणि आता तुमचं व्याज ऐकून आजारी पडेन."

कर्ज मंजूर झालं, खरेदी झाली, आणि येताना नसरापूरला ते हार्डवेअरच्या दुकानात शिरले.

"एक खिळा द्या."

"किलोवर देतो साहेब."

"एकच पाहिजे. पण चांगला."

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पैसे न घेताच देऊन टाकला. विकत घेतला असं मी वर म्हटलं, ते भाऊसाहेबांच्या इभ्रतीसाठी.

वास्तुशांतीला आम्ही स्टाफची मंडळी विंझरला गेलो. जेवणं झाली, आणि भाऊसाहेबांनी कमरेला खोचलेला हातोडा काढला. दुसऱ्या हातात लाकडी चौकटीचा एक जुना आरसा.

"घड्याळ नाही का लावत?" मी विचारलं. "बिचारं कधीचं झोपलंय."

"आधी हा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. नवं लग्न झालं तेव्हा पहिल्याच भाड्याच्या खोलीत त्यांनी वहिनींच्या आरशासाठी खिळा मारला. गिलाव्याचा तुकडा पडला. घरमालकानं संध्याकाळच्या आत खोली खाली करायला लावली. "हातगाडीवर संसार, सर. सगळ्यात वर हा आरसा. अख्खी गल्ली आमच्याकडं बघतेय, ते आरशात दिसत होतं. ही मान खाली घालून चालली होती. तेव्हापासून खिळा मीच. सकाळी ही वेणी घालते, मी आरसा धरतो."

स्टाफरूमची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. तपश्चर्येची शक्यता मांडणाऱ्यानं पानाचा विडा तोंडात घातला.

"आता संपलं ते," भाऊसाहेब म्हणाले. "उद्यापासून प्रार्थनेला वेळेवर."

त्यांनी आरसा माझ्याकडे दिला, खिळा भिंतीला टेकवला आणि घाव घातला. खिळा भाकरीत बोट जावं तसा आत गेला आणि ताटाएवढा पोपडा खाली आला. भाऊसाहेबांचा चेहरा पांढराफटक. हातोडा पाठीमागे लपवून, दाराकडे बघत ते ओरडले, "घरमालकांना कुणी सांगू नका!"

दारात म्हशीचा दोर धरून हौसाबाई उभ्या होत्या. "अवो, मालक तुमीच न्हवं का?" त्या म्हणाल्या. "आन् मातीच्या भितीला खिळा कशापायी? घर बांदतानाच खुंटी बसवल्याली असती. ती काय, तुमीच तिला पिशवी अडकवलीया!"

खरंच की! सकाळी आल्या आल्या भाऊसाहेबांनी ज्या लाकडी खुंटीला पिशवी अडकवली होती, तिच्यासमोरच त्यांनी भिंतीचा सत्यानाश चालवला होता. आम्ही पोट धरून हसलो. पिशवी निघाली, आरसा खुंटीवर गेला आणि सगळ्यांनी वहिनींना पुढे ढकललं.

वहिनींचं माहेर वेल्ह्याकडचं. भोरात इतकी वर्षं राहूनही बोली तिकडचीच, आणि बोलणं कमी. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. कुंकू नीट केलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, टाचा उंचावल्या. बाजूला भाऊसाहेब मोकळ्या हातांनी उभे होते. हात खिशात घालून बघितले, पाठीमागे बांधून बघितले, आणि मग ते आपोआप छातीशी आले, मध्ये आरशाएवढी जागा ठेवून.

वहिनींनी ते आरशात बघितलं. झटक्यात वळल्या, खुंटीवरचा आरसा काढून भाऊसाहेबांच्या हातात दिला आणि हेडमास्तरांसकट सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "भितीला कुठं कळतंय कवा वाकडं व्हायाचं ते! धरा बगू तुमी!"